टूटू आखूड का झाला आणि टिकला का

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: आपली सात वर्षांची मुलगी बॅलेच्या वर्गाला जाऊ लागल्यापासून जाळीचा टूटू अंगावरून उतरवायला तयार होत नाही, तर हा विलक्षण आकाराचा घागरा मुळात आला कुठून आणि जवळजवळ दोनशे वर्षे लोटली तरी त्याची मोहिनी का ओसरत नाही? मी गेली तेवीस वर्षे लंडनमध्ये नृत्याचे पोशाख शिवते आहे आणि त्यातला मोठा काळ टूटू बेतण्यात, शिवण्यात आणि जुने टूटू उसवून पुन्हा उभे करण्यात गेला आहे. त्यामुळे माझे उत्तर शिवणघराच्या बाजूने येणार, हे आधीच सांगते. टूटूचा इतिहास फॅशनचा कमी आणि पायांच्या कामाचा जास्त आहे, असे माझे ठाम मत आहे. नर्तकीचे पाय जे जे नवीन शिकले, त्यासाठी घागऱ्याला जागा करून द्यावी लागली आणि ज्या आकाराने ती जागा सर्वांत चांगली करून दिली तो आकार टिकला.

आधी टूटू म्हणजे नेमके काय, ते पाहू. दुकानात मिळतो तो इलॅस्टिकला जाळी जोडलेला घागरा असतो. रंगमंचावरच्या टूटूत मात्र तीन भाग असतात: वर अंगाला चपखल बसणारी चोळी, म्हणजे बॉडिस, कमरेपासून नितंबाच्या हाडापर्यंत येणारी रुंद पट्टी, जिला बास्क म्हणतात, आणि त्या पट्टीला जोडलेली चड्डी, जिच्यावर जाळीच्या झालरी एकावर एक शिवलेल्या असतात. पोटरीच्या मध्यापर्यंत उतरणारा, घंटेच्या आकाराचा मऊ घागरा म्हणजे रोमँटिक टूटू आणि कमरेभोवती ताटासारखा आडवा उभा राहणारा तो क्लासिकल टूटू. या दोन टोकांच्या मध्ये बरेच प्रकार आहेत. ते ओघात येतील.

सुरुवात फ्रान्समध्ये होते. चौदाव्या लुईने १६६१ साली नृत्याची अकादमी स्थापन केली, परंतु पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर व्यावसायिक नर्तकी आल्या त्या १६८१ मध्ये. त्या दरबारी बायकांसारख्याच नटलेल्या असत: जमिनीपर्यंतचे जड घागरे, आत सांगाडे, टाचांचे जोडे. आज अनेकांना आश्चर्य वाटेल, पण त्या काळी कडक, आडवा, कमरेभोवती फुगलेला आखूड घागरा घालत असत ते पुरुष. त्याला तोनले म्हणत. पुरुष नर्तकाच्या पायांचे काम दिसावे म्हणून तो आखूड होता आणि त्याची जुनी चित्रे पाहिली की आजच्या टूटूचा पूर्वज डोळ्यांसमोर उभा राहतो. म्हणजे आकार नवा नव्हता. तो बायकांपर्यंत पोहोचायला दोन शतके लागली.

मारी कामार्गो १७२६ मध्ये पॅरिस ऑपेरात आली. तोवर पुरुषांचीच मानली गेलेली हवेतली पदलाघवे, विशेषतः उडीत पाय झपाझप एकमेकांवरून फिरवण्याची क्रिया, ती सफाईने करत असे. आणि ते लोकांना दिसावे म्हणून तिने घागरा घोट्याच्या वर घेतला. जेमतेम काही बोटांचा फरक, पण त्यावरून मोठी चर्चा झाली. चित्रकार निकोला लांक्रे याने काढलेले तिचे एक चित्र लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे. त्यात घागरा अजून सांगाड्यावर चढवलेला, फुलांच्या माळांनी जड झालेला आहे, पण खाली पाऊल आणि घोटा स्वच्छ दिसतात. घागरा वर गेला की आत काहीतरी सभ्य घालणे आले. कामार्गोच्या काळाशी जोडली जाणारी ती ‘खबरदारीची चड्डी’ म्हणजेच आजच्या टूटूचा पाया होय, असे मानतात. तिची समकालीन मारी साले १७३४ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये याच्याही पुढे गेली. तिने सांगाडा टाकून दिला आणि साध्या मलमलीच्या अंगरख्यात, मोकळ्या केसांनी नाचली. एकीने लांबी कमी केली, दुसरीने वजन. पुढचा सगळा इतिहास या दोन गोष्टींभोवती फिरतो.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर पातळ मलमल सर्वत्र आली. ही मलमल युरोपने आधी ओळखली ती बंगालची. पुढे ती ब्रिटनच्या गिरण्यांत विणली जाऊ लागली. जाळीचीही अशीच कथा आहे. हातांनी विणायला महिनोन्‌महिने लागणारी जाळी यंत्रावर विणण्याचे पेटंट जॉन हीथकोट या इंग्रज कारागिराने १८०९ मध्ये घेतले. यंत्रविरोधी कामगारांनी १८१६ मध्ये त्याचा लफबरोचा कारखाना फोडला आणि तो डेव्हनमधल्या टिव्हर्टनला निघून गेला. ही यंत्रे आली नसती, तर थरावर थर जाळी लावणे कोणत्याही नाट्यगृहाला परवडले नसते. नृत्याच्या इतिहासात हीथकोटचे नाव फारसे घेतले जात नाही. शिवणघरात मात्र ते घ्यायला हवे.

आता १२ मार्च १८३२ कडे येऊ. त्या रात्री पॅरिस ऑपेरात ‘ला सिल्फीद’ हा बॅले प्रथम सादर झाला. फिलिप्पो ताग्लिओनी याने तो आपली मुलगी मारी हिच्यासाठी बसवला होता. स्कॉटलंडमधल्या एका तरुणाला भुलवणारी, हाती न लागणारी वायुकन्या ती करत होती. चोळी अंगाला घट्ट, खांदे उघडे, पाठीला छोटे पंख आणि खाली पोटरीपर्यंतचा पांढरा, पातळ, घंटेसारखा घागरा असे तिचे रूप होते. पोशाखाची कल्पना चित्रकार युजीन लामी याच्या नावावर आहे. पण हे रूप एकट्या कपड्याने साधले नाही. ताग्लिओनी चवड्याच्या टोकावर उभी राहत होती, आणि तीही आजच्यासारख्या कडक जोड्यांत नव्हे, तर टाके घालून टोक जरा घट्ट केलेल्या साध्या साटिनच्या सपातांत. शिवाय ऑपेरात १८२२ मध्ये गॅसचे दिवे आले होते. गॅसची ज्योत कमीजास्त करता येई. तिच्यामुळे चांदण्याचा भास उभा करता येऊ लागला आणि त्या मंद, किंचित थरथरत्या उजेडात पांढरी मलमल आतून उजळल्यासारखी दिसे. टोकावर उभे पाऊल, पातळ कापड आणि मंद ज्योत या तिन्ही गोष्टी एकाच दशकात जुळून आल्या, म्हणून माणूस जमिनीला टेकलेला नाही असा भास निर्माण झाला. १८४१ मध्ये ‘जिझेल’ आला. लग्नाआधीच मेलेल्या मुलींची भुते त्याच्या दुसऱ्या अंकात पांढऱ्या घागऱ्यांत रांगेने येतात आणि तिथून ‘पांढरा बॅले’ ही एक परंपराच बनली.

ज्या ज्योतीने हे सौंदर्य दिले तिनेच किती जीव घेतले, हे सांगितल्याशिवाय टूटूविषयी बोलणे मला अप्रामाणिक वाटते. खळ दिलेली, विरळ विणीची सुती जाळी, तिच्या थराथरांत खेळती हवा आणि रंगमंचाच्या कडेला उघड्या ज्योती: पेट घ्यायला याहून सोयीची मांडणी नाही. १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टर भाजली आणि तीन दिवसांत गेली. पॅरिसमध्ये १८५९ मध्ये असे पोशाख क्षारांच्या द्रावणात बुडवून अग्निरोधक करण्याचा आदेश निघाला, परंतु त्या द्रावणाने जाळी ताठर होई आणि पांढऱ्यावर मळकट झाक येई. एमा लिव्री ही ताग्लिओनीची लाडकी शिष्या. ताग्लिओनीने तिच्यासाठी १८६० मध्ये ‘फुलपाखरू’ नावाचा बॅले बसवला होता आणि त्यातल्या नायिकेचे पंख ज्योतीने जळतात. पहिल्या प्रयोगांना मी माझ्या नेहमीच्याच घागऱ्यात नाचेन, असे तिने ऑपेराच्या संचालकांना लेखी कळवले होते. १५ नोव्हेंबर १८६२ च्या तालमीत बसल्या जागेवरून तिने घागरा जरा झटकून वर घेतला आणि गॅसच्या ज्योतीने तो पेटला. ती रंगमंचभर धावली, त्याने ज्वाळा अधिकच भडकल्या. आठ महिने यातना सोसून २६ जुलै १८६३ रोजी ती गेली, तेव्हा तिला एकविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. तिच्या पोशाखाचे जळके अवशेष पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत. तिने हट्ट केला, असे सहज लिहिले जाते. मला ते पटत नाही. घागरा जड झाला की उडी जड दिसते, हे तिला माहीत होते. तिच्यापुढे ठेवलेले दोन्ही पर्याय वाईट होते आणि निवड तिच्यावर सोडलेली होती.

‘टूटू’ हा शब्द या सगळ्यानंतरचा आहे. फ्रेंच भाषेत तो १८८१ च्या सुमारास नोंदला गेलेला दिसतो. लहान मुलांच्या बोलीतल्या ढुंगणाच्या शब्दावरून तो आला, हे मत सर्वाधिक मान्य आहे. काही जण तो तूल, म्हणजे जाळी, या शब्दाशी जोडतात. पहिले मत मला अधिक खरे वाटते, कारण त्या काळच्या पॅरिस ऑपेरात वर्गणीदार श्रीमंत पुरुषांना नर्तकींच्या दालनात मोकळा प्रवेश असे आणि हा शब्द त्याच नजरेतून आलेला आहे. एदगार देगाने १८७० च्या दशकापासून ज्या नर्तकी रंगवल्या, त्यांच्या चित्रांत पार्श्वभूमीला काळ्या कोटातले हे पुरुष उभे असतात. देगाने १८८१ मध्ये चौदा वर्षांच्या मुलीचा मेणाचा पुतळा प्रदर्शनात मांडला, त्याला खरी चोळी, खरा जाळीचा घागरा आणि खऱ्या सपाता घातल्या होत्या. मारी व्हान गोतेम ही त्यासाठी उभी राहिलेली गरीब घरची मुलगी ऑपेराच्याच शाळेत शिकत होती. टूटूच्या मोहिनीबद्दल बोलताना ती मुलगी आणि ते काळे कोट दोन्ही आठवणीत ठेवावे लागतात.

घागरा गुडघ्याच्या वर सरकला तो इटालियन नर्तकींमुळे. मिलानमध्ये तयार झालेल्या या बायकांचे गिरक्यांचे आणि टोकावरच्या तोलाचे तंत्र विलक्षण होते. व्हर्जिनिया झुक्की १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला आली, तेव्हा तिने शाही नाट्यगृहांच्या नियमातला लांब घागरा नाकारून आखूड घागऱ्याचा आग्रह धरला. पिएरिना लेन्यानीने १८९३ मध्ये एका पायावर सलग ३२ गिरक्या मारून दाखवल्या आणि १८९५ च्या ‘स्वान लेक’मध्ये त्या पुन्हा घातल्या गेल्या. या गिरकीत मोकळा पाय चाबकासारखा बाजूला फेकून गुडघ्यापाशी आणावा लागतो. लांब घागऱ्यात तो झाकला जाईल, कापड पायाभोवती गुंडाळले जाईल आणि नर्तकीचा तोल जाईल. म्हणून घागरा आखूड झाला. एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ‘स्वान लेक’ बसवणारे नृत्यरचनाकार पेतिपा आणि इवानोव यांच्या त्या गाजलेल्या बॅलेंत आज दिसतो तसा सपाट, ताटासारखा टूटू नव्हता. त्या काळची छायाचित्रे पाहिली तर घागरा गुडघ्यापर्यंत येणारा, खाली झुकलेल्या घंटेसारखाच आहे. सपाट चकती ही विसाव्या शतकाची निर्मिती आहे. ‘मूळ’ स्वान लेक म्हणून चकतीचा टूटू दाखवणारे प्रयोग सुंदर असतील, पण इतिहास म्हणून ते चूक आहेत.

त्याच पीटर्सबर्गमध्ये १९०१ साली प्रमुख नर्तकी माटिल्डा क्शेसिन्स्काया हिला ‘कामार्गो’ याच नावाच्या बॅलेत अठराव्या शतकातला सांगाडा घागऱ्याखाली घालायचा होता. तिने तो घातला नाही. तिला दंड झाला, तिने थेट झारकडे दाद मागितली, दंड मागे घेतला गेला आणि शाही नाट्यगृहांचे संचालक प्रिन्स व्होल्कोन्स्की यांनी राजीनामा दिला. कामार्गोच्या घागऱ्यापायी दीडशेहून अधिक वर्षांनी एका संचालकाला पद सोडावे लागले, इतके महत्त्व त्या काही बोटांना होते.

टूटू टाकून द्यावा असे म्हणणारेही लवकरच आले. मिखाईल फोकिन या रशियन नृत्यरचनाकाराला प्रत्येक कथेला तोच आखूड घागरा चढवणे खोटे वाटे. इजिप्त असो, ग्रीस असो, नायिका टूटूतच. १९१४ मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ला लिहिलेल्या पत्रात त्याने आपली तत्त्वे मांडली आणि त्याचे म्हणणे बरोबरच होते. तरीही १९०९ मध्ये पॅरिसला दाखवलेल्या ‘ले सिल्फीद’मध्ये त्याने ताग्लिओनीचा लांब पांढरा घागरा परत आणला आणि रशियन नर्तकी ॲना पाव्हलोव्हासाठी मरणारा हंस रचताना आखूड टूटूच निवडला, पिसांनी मढवलेला. पाव्हलोव्हाने हा हंस आगबोटींनी आणि आगगाड्यांनी जगभर नेला. ती मुंबईलाही आली होती. १९२८ मध्ये तिथेच रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी तिचे नृत्य पाहिले, पुढच्या जहाजप्रवासात दोघींची मैत्री झाली आणि आपल्या देशातल्या नृत्याकडे वळण्याची प्रेरणा त्यांना तिच्याकडून मिळाली. टूटू घालणाऱ्या नर्तकीमुळे भरतनाट्यमला अशी एक मोठी उपासक मिळाली, ही गोष्ट मला कायम हलवून जाते.

विसाव्या शतकाच्या मध्यात घेर पूर्ण आडवा झाला तो आत पोलादी कडे घालून. कड्याने घेर सपाट राहतो, पण गर्दीत दोन नर्तकींचे घेर एकमेकींना लागले की अख्खे ताट एका बाजूला कलते. न्यूयॉर्कचे नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्चिन यांच्या ‘सिंफनी इन सी’ या बॅलेच्या शेवटी पन्नासहून अधिक नर्तक एकाच वेळी रंगमंचावर असतात. खारकीव्हमध्ये जन्मलेल्या बार्बरा कारिन्स्का या विलक्षण कारागिणीने त्यासाठी १९५० मध्ये कडे काढून टाकले. जाळीचे सहा-सात थरच ठेवले, ते आखूड कापले आणि एकमेकांना सैल टाक्यांनी असे बांधले की घेर स्वतःच्या फुगीरपणावर उभा राहील. त्याला पावडर पफ टूटू म्हणतात. चोळीच्या बाजूच्या कळ्याही तिने उरेब, म्हणजे विणीला तिरक्या, कापल्या, म्हणजे श्वास घेताना कापड थोडे ताणले जाते. हे वाचायला लहान वाटेल, पण माझ्यासाठी कारिन्स्काचे मोठेपण त्या उरेब कळ्यांत आहे. घट्ट चोळीत वीस मिनिटे नाचणाऱ्या बाईच्या फासळ्यांचा विचार तिने केला.

आता एक टूटू जवळून पाहू. साधा क्लासिकल टूटू एकटीने शिवायला मला ८० ते १०० तास लागतात. भरतकाम आणि खडे वेगळे. मांडीच्या कडेपासून कमरेपर्यंत चड्डीवर बोटभर अंतराने गोल रेघा आखायच्या. प्रत्येक रेघेवर एक झालर बसते. सर्वांत खालची तीन-चार बोटे रुंदीची, वरची हातभर, आणि सगळ्या मिळून दहा-बारा. प्रत्येक झालरीसाठी मीटरच्या मीटर जाळी धावदोऱ्याने चुणून चड्डीच्या घेराएवढी करायची आणि चुण्या सारख्या पसरवायच्या. मशीनवर सातवी-आठवी झालर चढू लागली की सुईभोवती जाळीचा ढीग जमतो आणि डाव्या हाताने तो सतत दूर धरावा लागतो. खालचे थर मऊ, कारण ते मांडीला लागतात. मधले कडक, कारण भार तेच पेलतात. वरचा पुन्हा मऊ, कारण प्रेक्षकाला तोच दिसतो. मधल्या एका थराला नेफा शिवून त्यात पोलादी कडे सरकवतात.

त्यानंतरचे काम सर्वांत नाजूक. टूटू टेबलावर उलटा ठेवून लांब सुईने सगळे थर एकमेकांना जोडत जायचे, पण प्रत्येक टाका सैल, दोन थरांमध्ये बोटभर ढील ठेवून. असे टाके कमरेकडून बाहेरच्या बाजूला गोलागोलाने घालतात. टाके ओढले गेले तर घेर दाबून ठेवलेल्या पापडासारखा निर्जीव होतो आणि फार सैल राहिले तर उडी संपल्यावरही लटपटत राहतो. चांगल्या टूटूची माझी कसोटी एकच आहे: नर्तकी उडी मारून खाली आली की घेराने एकदा श्वास घ्यावा आणि तिच्याबरोबर थांबावे.

मागे चेन लावत नाहीत, हूक आणि आकडे लावतात, आकड्यांच्याही दोन-तीन उभ्या रांगा. याचे कारण अगदी व्यवहारी आहे. चेन प्रयोगात तुटली तर काही करता येत नाही, हूक निघाला तर विंगेत अर्ध्या मिनिटात टाका घालता येतो. शिवाय एकच टूटू वर्षानुवर्षे वेगवेगळ्या अंगांवर चढतो. चोळी आणि बास्क सबंध शिवणीने जोडत नाहीत, ठिकठिकाणी टाके घालून टेकवतात, म्हणजे छाती फुगली तरी घेर जागचा हलत नाही. धुणे जवळजवळ अशक्य असते. प्रयोगानंतर चोळीच्या अस्तरावर स्वस्त व्होडका फवारतात, तिने घामाचा वास मरतो; आणि टूटू उलटा टांगतात, नाहीतर घेर स्वतःच्या वजनाने खाली झुकतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. एका नर्तकीचा टूटू मी मापाबरहुकूम शिवला होता, टेबलावर तो काटेकोर आडवा होता, पण तालमीत समोरून दोन बोटे खाली झुकलेला दिसू लागला. मी तीनदा कडे बदलले. शेवटी शिवणघरातल्या वयस्क बाईंनी मला विचारले की माप घेताना ती कशी उभी होती. ती सपाट पावलांवर उभी होती. टोकावर चढल्यावर कंबरेचे हाड किंचित पुढे कलते आणि बास्क त्याच्याबरोबर कलतो. तेव्हापासून मी शेवटचे माप नर्तकीला टोकावर उभे करूनच घेते. टूटू उभ्या बाईचा बेतायचा नसतो, नाचणाऱ्या बाईचा बेतायचा असतो, हे मला त्या दिवशी कळले.

यातूनच आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर निघते. चकतीसारखा घेर शरीराची एक आडवी रेघ बनतो. तिच्याखाली पाय नितंबापासून बोटांपर्यंत सलग दिसतो आणि वर धड वेगळे, शांत दिसते. कंबर एका अंशाने कलली तरी घेराची कड हातभर दूर असल्यामुळे तो कल मोठा होऊन दिसतो. पाय मागे उचलला की घेर मागून सूर्यफुलासारखा वर येतो. अचूक नर्तकीला तो आणखी अचूक करतो आणि चूक लपू देत नाही. नर्तकीला स्वतःची पावले दिसत नाहीत, जोडीदाराला तिच्यापासून हातभर दूर राहून तिला तोलावे लागते, त्याच्या मनगटांवर चोळीच्या खड्यांचे ओरखडे उठतात. इतक्या अडचणी असूनही मला भेटलेल्या बहुतेक सर्व नर्तकींना आपला पहिला खरा टूटू कोणत्या बॅलेचा होता, हे आठवते. आणि समूहात तर त्याची शक्ती दुणावते. स्वान लेकच्या हंसांच्या रांगा वरच्या स्वस्त सज्जातून पाहाव्यात. खालच्या महाग खुर्चीवरून ती नक्षी कळतच नाही.

ही रेघ इतकी बळकट आहे की तिच्याशी खेळणाऱ्यांनीही तिला जिवंतच ठेवले. न्यूयॉर्कमध्ये १९७४ पासून ट्रॉकाडेरो मंडळीतले पुरुष टूटू घालून, टोकावर उभे राहून तेच अवघड बॅले करतात. इंग्रज नृत्यरचनाकार मॅथ्यू बोर्नने १९९५ मध्ये आपल्या ‘स्वान लेक’मध्ये पुरुष हंस आणले आणि त्यांना पिसांच्या विजारी दिल्या, पण त्या विजारी पाहताना प्रत्येकाच्या मनात टूटू असतोच. नृत्यरचनाकार विल्यम फोर्साइथच्या १९९६ मधल्या एका रचनेत टूटू म्हणजे पोपटी रंगाची निव्वळ सपाट चकती आहे, झालर नाही, चुणी नाही. तरी तो टूटूच आहे हे क्षणात ओळखू येते. न्यूयॉर्कमधल्या, प्रामुख्याने कृष्णवर्णीय नर्तकांच्या हार्लेमच्या डान्स थिएटरने टूटूखालचे मोजे आणि जोडे प्रत्येक नर्तकीच्या त्वचेच्या रंगाचे करून घेतले, आणि गुलाबी मोजा हाच ‘नैसर्गिक’ हा जुना समज मोडला. पायाची रेघ सलग दिसण्यासाठी टूटू आहे, तर ती रेघ प्रत्येकीच्या स्वतःच्या रंगात सलग दिसायला हवी, इतका तो सरळ हिशेब होता.

आपल्या मुलीचे काय? तिला हा इतिहास माहीत नाही, पण गिरकी घेतल्यावर घेर उघडतो हे तिला माहीत आहे. आम्ही लहानपणी परकराचा घेर फुगवून गर्रकन खाली बसत असू आणि तो फुगा किती वेळ टिकतो हे पाहत असू. त्यातला आनंद हाच. तो काढायला लावू नका. मात्र तालमीच्या वर्गात गुडघे आणि कंबर शिक्षकांना दिसतील इतका आखूड आणि पातळ घेर असू द्या, आणि दिवाळीत पणत्यांच्या, निरांजनाच्या जवळ तो अंगावर नको. नायलॉनची जाळी वितळून अंगाला चिकटते. धुवायचा झाला तर कोमट पाण्यात हाताने खळबळवा, पिळू नका, आणि कमरेच्या पट्टीला चिमटे लावून, झालरी हवेत लोंबतील असा, सावलीत वाळत घाला. वाळल्यावर थर हातांनी एकेक करून सोडवले की तो पुन्हा उभा राहतो.